कंट्रोलची वडी

प्रयोगशाळेत त्याला सगळे घुम्या म्हणत. नाव ठेवलं होतं मामांनी, म्हणजे वॉर्डांतून नमुन्यांच्या बाटल्या गोळा करून आणणाऱ्या म्हाताऱ्या शिपायाने, आणि ते इतकं चपखल बसलं की त्याचं खरं नाव आता हजेरीपटापुरतंच उरलं होतं. "याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं," मामा म्हणत. "त्यापेक्षा काचपट्टी बरी. रंगवली की निदान काहीतरी सांगते."

काचपट्ट्यांना बोलतं करणं हेच घुम्याचं काम होतं. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवून त्याच्यापुढे येई. तो यंत्राच्या पात्यावर त्या वडीचे केसाहून कितीतरी पातळ काप काढी, ते कोमट पाण्यावर तरंगवी आणि एकेक काप काचपट्टीवर अलगद उचलून घेई. मग त्यावर अँटिबॉडीचे थेंब पडत. ही मोनोक्लोनल अँटिबॉडी, एकाच पेशीच्या वंशातून निपजलेली. म्हणून थेंबातला प्रत्येक कण दुसऱ्यासारखा हुबेहूब, आणि प्रत्येकाला जगात एकच ओळख ठाऊक. स्तनाच्या काही गाठींत पेशींच्या कडेला एक प्रथिन बेसुमार वाढलेलं असतं. अँटिबॉडी नेमकी त्यालाच जाऊन बिलगे, आणि ती जिथे बिलगली तिथे पुढच्या रसायनांनी रंग चढे. प्रथिन असलं तर पेशींभोवती गडद तपकिरी जाळी उमटे. नसलं तर काप निळसर राही, विझलेल्या राखेसारखा.

तपकिरी आली की गाठ जहाल समजायची. पण अशा जहाल गाठीवर चालणारं एक नेमकं औषधही होतं. निळ्या गाठीला ते औषध द्यायचं कारणच नव्हतं. कुणाच्या वाट्याला ते औषध येणार आणि कुणाच्या नाही, हे असं काचेच्या नखभर जागेवर ठरत असे.

पण निळ्या काचपट्टीवर विश्वास कसा ठेवायचा? गाठीत प्रथिन नाही म्हणून ती निळी, की अँटिबॉडीच मेली म्हणून? त्यासाठी प्रत्येक फेरीत रुग्णांच्या काचपट्ट्यांबरोबर आणखी एक काचपट्टी रंगवायची असे, जिच्यात ते प्रथिन ठासून भरलेलं आहे हे आधीच ठाऊक असलेल्या गाठीची. तिला कंट्रोल म्हणत. डॉक्टरबाई सूक्ष्मदर्शकाखाली आधी कंट्रोल ठेवत. ती तपकिरी दिसली, तरच पुढच्या काचपट्ट्यांकडे वळत. कंट्रोल खरी बोलली, तर बाकीच्यांचं बोलणं खरं.

चार वर्षांपूर्वी तो कामाला लागला, त्या दिवशी डॉक्टरबाईंनी ड्रॉवरमधून एक वडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली होती. "ही आपली कंट्रोलची वडी. हिच्याइतका स्वच्छ रंग दुसरीला येत नाही. जिवापेक्षा जप."

वडीच्या कडेवर वर्ष आणि क्रमांक होता. तो त्याने वाचला आणि पुन्हा वाचला. हाच क्रमांक असलेला कागद त्याने एके काळी नऊ आठवडे या खिडकीतून त्या खिडकीत हेलपाटे घालून मिळवला होता आणि मग कितीतरी महिने खिशात बाळगला होता. तेव्हा ही तपासणी इथे होत नव्हती. नमुना दूर कुठेतरी जाई. कागद आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं की प्रथिन भरपूर आहे, औषध चालेल. आईच्या यकृतात तोवर गाठी पसरल्या होत्या. औषध दोनदा दिलं, तिसऱ्यांदा द्यायला ती उरली नाही.

सांगायचं होतं त्याच क्षणी. मॅडम, ही वडी माझ्या आईची आहे, एवढे सहा शब्द. पण डॉक्टरबाई पाठ फिरवून दुसऱ्या कामाला लागल्या होत्या, आणि पहिल्याच दिवशी असं काही बोलणं त्याला आगाऊपणाचं वाटलं. तो मूग गिळून गप्प बसला. मग रोज सांगणं अधिकाधिक अवघड होत गेलं, कारण प्रत्येक दिवशी "काल का नाही सांगितलंस?" हा एक प्रश्न वाढत होता.

आणि खरं सांगायचं तर, पुढे पुढे त्याला सांगावंसंही वाटेना. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि गुरुवारी, तो त्या वडीचा एक काप काढी. काप पाण्यावर पसरे, त्याच्या सुरकुत्या आपोआप निघत, आणि तो ओळखीचा आकार दिसू लागे, एका बाजूला किंचित खाचलेल्या पानासारखा. संध्याकाळपर्यंत तो तपकिरी होई. जिने आईला नेलं ती ही गाठ, हे त्याला कळत होतं. तिचा द्वेष करायला हवा होता. पण आईच्या देहातलं या जगात मागे राहिलेलं एवढंच होतं, आणि ते आठवड्यातून दोनदा कुणाचं तरी खरं-खोटं निवडून देत होतं. घरी ताईला त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. ताई ताट वाढताना विचारी, "आज काय केलंस?" तो म्हणे, "नेहमीचंच."

वडी झिजत गेली. चौथ्या वर्षी तिच्यात पन्नासेक काप उरले असावेत असा त्याचा अंदाज होता.

"नवी वडी शोधू का रे?" डॉक्टरबाईंनी एकदा विचारलं.

"अजून आहे, मॅडम."

"संपायच्या आत सांग म्हणजे झालं. तुझं काय, तू वडी संपल्यावर महिन्याने सांगशील."

तेव्हाच त्याला चोरी सुचली. चोरी म्हणजे काय, तर मंगळवारची कंट्रोल चांगली तपकिरी आलेली असे. अँटिबॉडीची बाटली तीच, रसायनं तीच, मधे एक दिवस. मग गुरुवारी नवा काप कशाला खर्चायचा? मंगळवारच्याच काचपट्टीवरची चिठ्ठी सोलून त्याने गुरुवारच्या तारखेची चिकटवली आणि ट्रेमध्ये पहिल्या जागी ठेवली. डॉक्टरबाईंनी पाहिली, मान डोलावली, सही केली. असं तीनदा झालं. तीनदा काही बिघडलं नाही. आईचे तीन काप वाचले.

चौथ्या गुरुवारी त्याने फ्रिज उघडला, तर मागच्या भिंतीवर बोटभर बर्फ जमला होता. तिला टेकून ठेवलेली पातळ केलेल्या अँटिबॉडीची बाटली गोठली होती. त्याने ती बाहेर काढली आणि वितळू दिली. आतलं द्रव पुन्हा स्वच्छ, पाण्यासारखं दिसू लागलं. गोठलेली अँटिबॉडी दगा देऊ शकते हे त्याला ठाऊक होतं; पण कंट्रोल मुळात रंगवायचीच नव्हती, तेव्हा ती शंका विचारायला त्याच्यापाशी कुणी उरलं नव्हतं. त्याने थेंब टाकले. त्या दिवशी चार बायकांच्या गाठी होत्या. चारही निळ्या आल्या. शेजारी मंगळवारची आई, नव्या तारखेची, गडद तपकिरी.

पुढच्या सोमवारी एक तातडीचा नमुना आला म्हणून त्याने एक जादा फेरी लावली, आणि मनाला टोचणी लागली म्हणून वडीचा खरा काप घेतला. संध्याकाळी कंट्रोल बाहेर आली ती फिकट, जवळजवळ निळी. त्याने घाईने नवी बाटली उघडून फेरी पुन्हा केली. या वेळी रंग भरभरून चढला. जुनी बाटली त्याने फेकून दिली आणि वहीत लिहिलं, "बाटली बदलली." का, ते लिहिलं नाही.

म्हणजे गुरुवारी ती बाटली मेलेली होती. चार अहवाल सहीनिशी बाहेर गेले होते. हे त्याला सोमवारी संध्याकाळी, हात धुताना, नळाखाली, लख्ख कळलं.

एखादा बोलका माणूस असता तर तिथल्या तिथे धावत सुटला असता. घुम्याने नळ बंद केला. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. उद्या डॉक्टरबाई परिषदेला गेल्या होत्या. परवा त्या आल्या, पण खोलीत पाहुणे होते. नंतर त्याने स्वतःची समजूत घातली की अशा शंभर गाठींतल्या ऐंशी तरी निळ्याच असतात. चारही खरोखर निळ्या असतील. त्या दिवसापासून त्याने एकही कंट्रोल चुकवली नाही. प्रत्येक फेरीला आईचा ताजा काप काढला, जणू ते प्रायश्चित्त होतं. वडी भराभर उतरत गेली. आपलं तोंड उघडण्याऐवजी आपण आईलाच खर्च करतो आहोत, हे त्याला दिसत होतं.

अकराव्या आठवड्यात एक बाई खिडकीशी आली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, हातात फाइल. मामा जेवायला गेले होते, म्हणून खिडकीवर तोच होता.

"अहवालाच्या प्रतीवर शिक्का हवाय," ती म्हणाली. "रजेच्या अर्जाला जोडायचाय. माझ्या हपिसात शिक्क्याशिवाय कागदाला कागद म्हणत नाहीत."

त्याने प्रत घेतली. तारीख त्या गुरुवारची होती. क्रमांक त्याला पाठ होता. चारही पाठ होते.

"मी टपाल कचेरीत आहे," ती सांगत होती, बोलण्याची हौस असलेल्या माणसाप्रमाणे. "एकोणतीस वर्षं शिक्केच मारतेय. लोकांच्या पत्रांवर. आता लोक माझ्यावर मारतात." ती हसली. "डॉक्टर म्हणाले, हे 'नाही' आलंय त्याऐवजी 'आहे' आलं असतं, तर एक चांगलं औषध होतं म्हणे. मी म्हटलं, आमच्या नशिबात एरवी सगळं 'आहे'च येतं, नेमकं इथेच 'नाही' कसं आलं? असू दे. चालू आहे त्यानेही माणसं बरी होतात, नाही का हो?"

त्याने मान हलवली. हो की नाही, ते त्या मानेवरून कळण्याजोगं नव्हतं.

"बोलत नाही वाटतं तुम्ही फारसं. बरंय. खिडकीवरच्या माणसानं कमीच बोलावं." त्याने शिक्का शाईत बुडवून कागदावर ठेवला, दाबला, उचलला. तिने प्रत डोळ्यांपाशी नेली. "अगं बाई, किती सरळ मारलात. आमच्याकडे नोकरी संपत आली तरी लोकांना हे जमत नाही."

ती गेली. मामा जेवून परतले तेव्हा तो तसाच शिक्का हातात धरून उभा होता. "काय रे," मामा म्हणाले, "शिक्का काय कपाळावर मारून घेतोस?"

त्याच आठवड्यात त्याने चारही वड्या साठवणीतून काढल्या. अजूनही त्याच्या मनात एक पळवाट होती: चारही निळ्या आल्या, तर कुणाला काही सांगायला नको. कंट्रोलची वडी यंत्रात बसवली. पहिल्या दोन कापांत नुसतं मेण आलं. तिसऱ्यात कडेला एक कोर होती, नखाच्या चंद्राएवढी. खाचलेल्या पानाचा आकार केव्हाच गेला होता. चौथ्यात पुन्हा नुसतं मेण. त्याने ती कोर पाण्यावर धरली, काचपट्टीवर घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसला. मग चार अनोळखी बायकांच्या रांगेत तिला पहिल्या जागी ठेवलं.

संध्याकाळी त्याने स्वतःच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कोर तपकिरी होती. पहिली बाई निळी. दुसरी निळी. तिसरी निळी. चौथीची काच सरकवली आणि नजरेच्या वर्तुळात ती जाळी उभी राहिली, पेशीपेशीभोवती, गडद, एकही घर न चुकवता. तशी जाळी त्याने आयुष्यात एकाच गाठीत पाहिली होती.

क्रमांक टपाल कचेरीतल्या बाईंचा होता.

डॉक्टरबाई निघण्याच्या तयारीत होत्या. त्याने दोन काचपट्ट्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि जे सांगायचं होतं ते सांगितलं, सगळं, चिठ्ठी सोलण्यापासून. चार वर्षांत त्या खोलीत तो एवढा कधी बोलला नव्हता. डॉक्टरबाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. त्यांनी काचपट्ट्या पाहिल्या. मग चष्मा काढून पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही.

"काप वाचवायचे कशासाठी होते?"

"ती वडी माझ्या आईची आहे."

मग डॉक्टरबाई उठल्या, कपाटाचा खालचा खण ओढून त्यांनी एक लहान पाकीट टेबलावर टाकलं. आत नवी कोरी वडी होती.

"सहा महिने झाले, ही शोधून ठेवलीय," त्या म्हणाल्या. "रंगवून पाहिलीय. तू म्हणायचास अजून आहे, म्हणून दिली नाही. एका शब्दाने सांगितलं असतंस ना, तर तुझ्या आईची वडी त्याच दिवशी तुझ्या हातावर ठेवली असती. घरी घेऊन जा म्हटलं असतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. तो चढता तर त्याला बरं वाटलं असतं. "एका शब्दाने, अरे."

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीतल्या बाईंना बोलावून घेतलं. मधल्या काळात त्यांचे नवे स्कॅन काढले होते. यकृतात दोन ठिपके दिसत होते, अकरा आठवड्यांपूर्वी नसलेले. त्या यायच्या आधी डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, "कामावरून तुला थांबवावं लागणार आहे, ते टळणार नाही. तिला मी सांगेन की फेरतपासणीत चूक सापडली. ते खरंच आहे. तू बसायला हवंस, पण बोलायची सक्ती नाही."

बाई आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि पर्स मांडीवर उभी धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. औषध सोमवारी सुरू होईल, हे ऐकलं. ठिपक्यांचं ऐकलं. मग त्यांनी डॉक्टरबाईंना एकच प्रश्न विचारला.

"चूक कधी सापडली?"

"या आठवड्यात, फेरतपासणी—"

"त्या सोमवारी," घुम्या म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं, आवाज फुटणार नाही. पण तो अगदी साधा निघाला, वेळ सांगावी तसा. "तुमची तपासणी गुरुवारी झाली. बाटली मेलीय हे मला पुढच्या सोमवारी कळलं. मी कुणाला सांगितलं नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या मनाशी काहीतरी जुळवत होत्या.

"म्हणजे मी खिडकीशी आले होते, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"चौघींपैकी कोण, ते नव्हतं ठाऊक. पण चौघींपैकी तुम्ही एक, हे होतं."

"आणि तुम्ही शिक्का मारून दिलात."

"हो."

बाई उठल्या. रुमालाची गाठ त्यांनी मानेमागे चाचपून घट्ट केली. दाराशी पोचल्यावर त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत.

"सरळ मारला होतात मात्र," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी तो भर उन्हाचा घरी आला. अशा वेळी त्याला दारात बघून ताई हातातलं काम टाकून बाहेर आली. "काय रे, बरं वाटत नाही का?" त्याने खिशातून वडी काढून तिच्या हातावर ठेवली. तो निघताना डॉक्टरबाईंनी ती दिली होती. कडेवरचा क्रमांक अजून वाचता येत होता. मधे, जिथे पान होतं, तिथे आता मेणात उथळ खड्डा होता.

"काय आहे यात?"

"आता काही नाही," तो म्हणाला, आणि उंबऱ्यावर बसून तिला पहिल्यापासून सांगू लागला. नऊ आठवडे, मग चार वर्षं, मग अकरा आठवडे. ताईला रडू येईल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही. "आठवड्यातून दोनदा तू आईला पाहत होतास," एवढंच ती एकदा म्हणाली, "आणि मला म्हणायचास, नेहमीचंच." मग तिने वडी नाकाशी नेली. जुन्या मेणबत्तीसारखा वास येत होता. अंगठ्याने तो खड्डा ती कितीतरी वेळ चाचपत राहिली.

"वाचेल का रे ती बाई?"

या प्रश्नापुढे गप्प राहणं किती सोपं होतं, ते त्याला जाणवलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "आई नाही वाचली."